एका बाटलीत दोन औषधे: केसगळतीच्या उपचाराचा वीस महिन्यांचा अनुभव

गेल्या वीस महिन्यांत मी केसगळतीसाठी चार गोष्टी वापरल्या: एका ऑनलाइन सल्लासेवेने पाठवलेले मिनॉक्सिडिल आणि फिनॅस्टराइड यांचे एकत्र द्रावण, नुसत्या मिनॉक्सिडिलचा फेस, फिनॅस्टराइडची एक मिलिग्रॅमची गोळी आणि केटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू. कोणत्या उत्पादनाने किती केस आले याची परीक्षणे हवी तेवढी वाचायला मिळतात. ही औषधे मानवली नाहीत तर पुढे काय, आणि कोणते उत्पादन अशा वेळी माणसाला सावरायला जागा ठेवते, याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. म्हणून या परीक्षणात मी प्रत्येक गोष्टीला गुण दिले आहेत ते मुख्यतः त्या एका कसोटीवर.

सुरुवात सल्लासेवेपासून झाली. चौदा प्रश्नांचा अर्ज, डोक्याची दोन छायाचित्रे, आणि दहा मिनिटांत चिठ्ठी तयार. रक्तदाब किती आहे, हृदयाचा काही विकार आहे का, पूर्वी कधी नैराश्य आले होते का, यांपैकी एकही प्रश्न त्या चौदांत नव्हता. केस कधीपासून विरळ झाले आणि वडिलांना टक्कल आहे का, एवढ्यावरच सगळा भर होता. चार दिवसांनी साठ मिलिलिटरची बाटली आली. तिच्यात पाच टक्के मिनॉक्सिडिल आणि शून्य पूर्णांक एक टक्का फिनॅस्टराइड होते, आणि दिवसातून दोनदा एक-एक मिलिलिटर लावण्याची सूचना होती. वेष्टन देखणे होते हे मान्य करायला हवे. ड्रॉपरवरची एक मिलिलिटरची रेघ मात्र इतकी पुसट छापलेली होती की ती पाहण्यासाठी ड्रॉपर दिव्यासमोर धरावा लागे. आठवडाभरात मी रेघ पाहणे सोडून दिले आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांसाठी अंदाजाने थोडे जास्तच घेऊ लागलो.

दहाव्या दिवशी डोक्याला खाज सुरू झाली. प्रथम ती भांगापुरती होती, मग जिथे जिथे द्रावण ओघळत असे तिथे तिथे पसरली, आणि काळ्या कंगव्यावर पांढरी, कोरडी साले दिसू लागली. तिसऱ्या आठवड्यात रात्री अंथरुणावर पडल्यावर छातीत धडधड जाणवू लागली. एकदा मनगटावर बोट ठेवून मोजले तर स्वस्थ पडलेला असताना मिनिटाला शंभराच्या वर ठोके भरले. त्याच सुमारास लैंगिक इच्छा कमी झाल्यासारखे वाटू लागले, आणि चौथ्या आठवड्यात केस थांबण्याऐवजी अधिकच गळू लागले. चार तक्रारी, एक बाटली. यांतली कोणती कशामुळे, हे सांगण्याचा माझ्याकडे कोणताही मार्ग नव्हता.

सेवेच्या मदतकक्षाला मी चारही तक्रारी सविस्तर कळवल्या. उत्तर दोन ओळींचे आले: सुरुवातीला असे होतेच, औषध चालू ठेवा, चार महिन्यांनी फरक दिसेल. यातली लबाडी अशी की केसगळतीच्या बाबतीत हे उत्तर बरोबर होते आणि बाकी तिन्हींच्या बाबतीत चुकीचे, आणि दोहोंत फरक करण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

मी ज्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नंतर गेलो, त्यांनी बाटली हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला तो मनःस्थितीविषयी: झोप कशी आहे, उदास वाटते का, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार कधी आले का. मी चकित झालो. केसांच्या औषधाचा आणि त्याचा काय संबंध, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की फिनॅस्टराइडच्या संदर्भात आत्महत्येच्या विचारांची नोंद अमेरिकी औषध नियामकाने 2022 मध्ये माहितीपत्रकात घ्यायला लावली आहे आणि युरोपीय नियामकानेही 2025 मध्ये तो दुष्परिणाम म्हणून मान्य केला आहे. असे काही जाणवले तर भेटीची वाट न पाहता औषध बंद करायचे आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचे. त्यानंतर त्यांनी रक्तदाब पाहिला, नाडी मोजली, पावलांवर अंगठा दाबून सूज आहे का ते तपासले, आणि सर्व काही सहा आठवडे पूर्ण बंद करायला सांगितले. पुढे एका वेळी एकच औषध सुरू होणार होते.

या एका सूचनेत एकत्र द्रावणावरची माझी सगळी टीका सामावलेली आहे. मिनॉक्सिडिल आणि फिनॅस्टराइड ही मुळातच दोन वेगळ्या कुळांतली औषधे. मिनॉक्सिडिल हे उच्च रक्तदाबाचे औषध. 1979 मध्ये अमेरिकेत त्याच्या गोळीला मान्यता मिळाली, आणि ती घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर नको तिथे केस वाढू लागल्याने ते डोक्याला लावून पाहण्याची कल्पना पुढे आली. 1988 मध्ये दोन टक्क्यांचे द्रावण पुरुषांसाठी बाजारात आले. म्हणजे आज ज्याला आपण परिणाम म्हणतो तो तेव्हाचा दुष्परिणाम होता, आणि आज ज्या धडधडीला दुष्परिणाम म्हणतो ती त्या औषधाच्या मूळ स्वभावातून येते, कारण ते रक्तवाहिन्या सैल करते. फिनॅस्टराइडचा मार्ग निराळा. टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये, म्हणजे केसांची मुळे आखडवणाऱ्या डीएचटी या संप्रेरकात रूपांतर करणाऱ्या विकराला ते अडवते. पाच मिलिग्रॅमची गोळी 1992 मध्ये प्रोस्टेट ग्रंथीच्या वाढीसाठी आली, एक मिलिग्रॅमची 1997 मध्ये केसांसाठी. एक रक्तवाहिन्यांशी बोलते, दुसरे संप्रेरकांशी. दोन्ही एका ड्रॉपरमध्ये भरली की वापरणे सोपे होते हे खरे, परंतु एकाचा त्रास झाला तर दुसरेही सोडावे लागते, आणि एकाची मात्रा कमी करायची तर दुसऱ्याचीही आपोआप कमी होते. शिवाय फिनॅस्टराइड डोक्याला लावले म्हणजे ते डोक्यावरच राहते हा समजही खरा नाही. ते रक्तात उतरते. अमेरिकी नियामकाने अशा मागणीनुसार बनवून दिल्या जाणाऱ्या लावण्याच्या फिनॅस्टराइडविषयी एप्रिल 2025 मध्ये स्वतंत्र इशारा दिला. माझ्या बाटलीवर किंवा तिच्यासोबतच्या रंगीत पुस्तिकेत यातले एक अक्षरही नव्हते.

सहा आठवड्यांच्या सुट्टीत खाज आठ दिवसांत गेली, धडधड त्याहूनही आधी थांबली. मी एक साधी वही केली होती. तारीख, काय लावले किंवा घेतले, सकाळी अंथरुणातच मोजलेली नाडी, खाज शून्य ते तीन, झोप, इच्छा, आणि मनःस्थितीसाठी एक शब्द. दिवसाला एक मिनिट लागत असे. या वीस महिन्यांत वापरलेल्या सगळ्या गोष्टींत सर्वांत उपयोगी कोणती असे विचारले तर मी या वहीकडे बोट दाखवीन, आणि ती कोणत्याही सेवेच्या पेटीत मिळत नाही.

सातव्या आठवड्यात पाच टक्के मिनॉक्सिडिलचा फेस सुरू झाला, दुसरे काही नाही. द्रावणातल्या खाजेचे कारण बहुधा मिनॉक्सिडिल नसून ते विरघळवण्यासाठी वापरलेले प्रोपिलीन ग्लायकॉल असावे, असा डॉक्टरांचा अंदाज होता. फेसात ते नसते. अंदाज बरोबर ठरला. चार महिन्यांच्या नोंदींत खाजेपुढे एखादा अपवाद वगळता शून्यच आहे. ज्यांना द्रावणाने खाज येते आणि ‘मला मिनॉक्सिडिल चालत नाही’ असे म्हणून जे ते कायमचे सोडून देतात, त्यांनी आधी डब्याच्या मागची घटकांची यादी वाचावी. अर्थात काही थोड्या लोकांना मिनॉक्सिडिलचीच अॅलर्जी असते आणि त्यांना फेसही चालणार नाही. ते त्वचेच्या पट्टीचाचणीने कळू शकते.

फेस हे उत्पादन म्हणून मला आवडले, तरी त्याच्या खोड्या आहेत. डबा उलटा धरूनच दाबावा लागतो. झाकणाचा अर्धा भाग एवढे त्याचे माप, पण फेस अंगाच्या उष्णतेने विरघळेल असाच बनवलेला असल्याने बोटांवर घेतला की भांग पाडून होईपर्यंत त्याचे पाणी होते आणि निम्मे औषध बोटांच्या बेचक्यांत जाते. यावर उपाय म्हणजे हात आधी थंड पाण्याने धुऊन कोरडे करायचे, फेस थेट बोटांवर न घेता झाकणातच घ्यायचा, आणि तिथून बोटाच्या टोकाने थोडा थोडा उचलून त्वचेवर टेकवायचा. केसांवर चोळलेला फेस वाया जातो. तो मुळांशी पोहोचायला हवा. वाळल्यावर केस किंचित ताठ होतात, आणि डब्याचे तोंड दर दोन-तीन आठवड्यांनी तुंबते, ते कोमट पाण्याखाली धरून मोकळे करावे लागते. यात मद्यार्क भरपूर असतो, त्यामुळे वाळेपर्यंत आगीजवळ जाऊ नये. चार तास डोके धुवायचे नाही, आणि रात्रीचा हप्ता झोपण्यापूर्वी किमान दोन तास आधी संपवायचा, नाहीतर तो उशीला आणि उशीवरून गालांना लागतो. मी सुरुवातीला हे पाळले नाही आणि कानशिलापुढे बारीक लव दाट झालेली आरशात दिसली. वेळ पाळू लागल्यावर ती काही महिन्यांत ओसरली.

धडधडीचे कोडे सुटले ते मात्र वहीतून नव्हे, जुन्या पावत्यांवरून. साठ मिलिलिटरची पहिली बाटली माझी अठराव्या दिवशी संपली होती. दिवसाला दोन मिलिलिटर या हिशेबाने ती महिनाभर पुरायला हवी. म्हणजे मी रोज सव्वातीन मिलिलिटरहून अधिक औषध ओतत होतो. पाच टक्क्यांच्या एका मिलिलिटरमध्ये पन्नास मिलिग्रॅम मिनॉक्सिडिल असते, आणि धडधाकट त्वचेतून त्यातले सरासरी सुमारे 1.4 टक्के शरीरात शिरते. रोजचे सुमारे एकशेपासष्ट मिलिग्रॅम धरले तर दोन मिलिग्रॅमहून अधिक औषध रक्तात जात होते, आणि तेही खाजवून सोललेल्या त्वचेतून, जी याहून कितीतरी जास्त शोषून घेते. केसांसाठी मिनॉक्सिडिलची कमी मात्रेची गोळी काही डॉक्टर देतात, ती साधारण याच घरातली असते. थोडक्यात, रक्तदाब न तपासता मी नकळत गोळीच घेत होतो. यात चूक माझी होती, हे आधी कबूल करतो. पण महिन्याची बाटली सतराव्या दिवशी पुन्हा मागवणाऱ्या ग्राहकाला ‘आपण किती लावता’ असे विचारणे हे सल्लासेवा म्हणवणाऱ्यांचे किमान काम नव्हे काय? त्यांनी आभार मानले आणि दुसरी बाटली त्याच दिवशी रवाना केली.

फेसाच्या वेळी मापात राहिल्याने नाडी सत्तरच्या आसपास स्थिर राहिली. तरी छातीत दुखणे, भोवळ, पावलांना सूज किंवा काही दिवसांत अकारण वाढलेले वजन, यांपैकी काहीही दिसले तर औषध थांबवून डॉक्टरांकडे जायचे, ही सूचना माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेली आहे.

सुरुवातीच्या वाढीव केसगळतीविषयी मात्र घाबरू नये. विश्रांतीच्या अवस्थेत असलेले केस मिनॉक्सिडिलमुळे एकदम जागा सोडतात, आणि त्यांच्या मुळांतून नवे केस वाढीला लागतात. ही गळती साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सुरू होते आणि दोनेक महिन्यांत थांबते. फेस सुरू केल्यावरही मला ती पुन्हा झाली, पाचव्या आठवड्यात न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा गुंताच जमत असे, आणि नवव्या आठवड्यात ती थांबली. या काळात औषध बंद करून पुन्हा सुरू करणारा माणूस तीच गळती दोनदा भोगतो. मी तो झालोच आहे.

फिनॅस्टराइडची गोळी सहा महिन्यांनंतर सुरू झाली. या गोळीविषयी बोलताना लोक एकतर ती विष असल्यासारखे बोलतात किंवा जीवनसत्त्व असल्यासारखे. माहितीपत्रकातले आकडे दोन्ही पक्षांना फारसे सोयीचे नाहीत. मूळ चाचण्यांत पहिल्या वर्षी लैंगिक इच्छा कमी झाल्याची तक्रार गोळी घेणाऱ्यांपैकी 1.8 टक्के पुरुषांनी केली, आणि नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपैकी 1.3 टक्क्यांनी; ताठरतेच्या तक्रारीचे प्रमाण 1.3 आणि 0.7 टक्के होते. म्हणजे त्रास थोड्यांना होतो, पण होतो. काहींच्या बाबतीत गोळी बंद केल्यावरही तो टिकून राहिल्याच्या नोंदी आहेत आणि 2012 पासून माहितीपत्रकात तसे लिहिलेलेही आहे. दुसऱ्या बाजूला, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रोस्टेटसाठी पाच मिलिग्रॅमची गोळी घेणाऱ्या पुरुषांपैकी ज्यांना लैंगिक दुष्परिणामांची आधी कल्पना दिली होती त्यांच्यातल्या 43.6 टक्क्यांनी असा त्रास सांगितला, आणि ज्यांना दिली नव्हती त्यांच्यातल्या 15.3 टक्क्यांनी. भीती ही स्वतःच एक मात्रा असते. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वीचे दोन महिने मी वहीतला इच्छेचा रकाना भरत राहिलो, आणि माझ्या लक्षात आले की गोळी नसतानाही कामाच्या धबडग्यात तो आकडा आठवडाभर शून्याला टेकत असे. ही आधीची नोंद नसती तर त्या प्रत्येक आठवड्याचे खापर मी गोळीवर फोडले असते.

तरीही सहाव्या आठवड्यापासून आकडा उतरला आणि या वेळी तो सलग चार आठवडे खालीच राहिला. डॉक्टरांनी गोळी तीन आठवडे थांबवली. आकडा पूर्ववत झाला. मग त्यांनी आठवड्यातून तीनच दिवस एक मिलिग्रॅम असा क्रम ठरवला. त्यामागचे कारण त्यांनी समजावून सांगितले ते मला पटले: 1999 च्या एका अभ्यासात रोज एक मिलिग्रॅमने रक्तातले डीएचटी 71.4 टक्क्यांनी उतरले होते आणि त्याच्या एक पंचमांश, म्हणजे 0.2 मिलिग्रॅमनेही 68.6 टक्क्यांनी. मात्रा कमी केली म्हणून परिणाम त्याच प्रमाणात कमी होत नाही. मात्र याच कारणाने दुष्परिणामही त्याच प्रमाणात कमी होतील असे गृहीत धरता येत नाही, आणि मान्यताप्राप्त मात्रा रोज एक मिलिग्रॅम हीच आहे, हेही त्यांनी बजावले. माझ्या बाबतीत हा क्रम मानवला. कोणी हे वाचून स्वतःच्या गोळ्या स्वतःच मोजू नयेत.

घरातल्या इतरांविषयी दोन शब्द. गरोदर किंवा गरोदर राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने फिनॅस्टराइडची फुटलेली गोळी हाताळू नये, पुरुष गर्भाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. अखंड गोळीवरचे आवरण त्यापासून बचाव करते, आणि गोळीचे तुकडे करण्याऐवजी दिवस कमी करण्याचा मार्ग डॉक्टरांनी निवडला त्यामागे हेही एक कारण होते. मिनॉक्सिडिल लावलेल्या डोक्याशी तान्ह्या बाळाचा संपर्क येऊ देऊ नये, कारण अशा बाळांच्या अंगावर केस वाढल्याची प्रकरणे नोंदली गेली आहेत. घरात मांजर असेल तर उशीचा अभ्रा आणि सांडलेला थेंबही तिच्यापासून दूर ठेवावा. मांजरांना मिनॉक्सिडिल जीवघेणे ठरते. फिनॅस्टराइड घेणाऱ्याने रक्तदान करण्यापूर्वी रक्तपेढीला ते सांगावे, आणि पन्नाशीच्या पुढच्या माणसाने प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी होणारी पीएसए ही रक्तचाचणी करताना डॉक्टरांना सांगायला विसरू नये, कारण या औषधाने तो आकडा निम्म्यावर येतो आणि खरा आजार झाकला जाऊ शकतो.

केटोकोनॅझोलच्या शाम्पूविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे ठेवून धुवायचा. कोंडा गेला, केस जरा रुक्ष झाले.

गुण द्यायचे तर फेसाला पाचपैकी चार, गोळीला साडेतीन आणि तेही देखरेख असेल तरच, शाम्पूला तीन. एकत्र द्रावणाला दीड देतो. ज्याला दोन्ही औषधे वेगवेगळी घेऊन मानवल्याचे आधीच सिद्ध झाले आहे त्याला कदाचित ते सोयीचे पडेल, पण पहिली बाटली म्हणून ते कोणीही घेऊ नये. केसांचे म्हणाल तर माथ्यावरची विरळ जागा दाट झाली आहे आणि कपाळाचे कोपरे होते तिथेच आहेत.

सल्लासेवेचे सदस्यत्व रद्द करताना कारण निवडावे लागले. पर्याय चार होते: परिणाम मिळाला, वेळ मिळत नाही, दुसरीकडून घेतो, इतर. मी ‘इतर’ निवडले आणि पुढच्या चौकोनात खाज, धडधड आणि मात्रेचा सगळा हिशेब लिहायला घेतला. चौकोनात साठ अक्षरेच बसत होती.